मालवणच्या समुद्रात आक्काचा कासरा

मालवणहून आल्यापासून दुकानात ठिबकचे पाइप घ्यायला येणारा प्रत्येक माणूस पाइपाच्या आधी एकच विचारतो, "आण्णा, समुद्राच्या बुडाशी काय दिसलं?" आतापर्यंत मी माणूस पाहून उत्तर देत आलो. सोसायटीच्या सचिवांना कासव सांगितलं, समोरच्या चहावाल्याला शार्कचं पिल्लू सांगितलं. आता अडचण अशी झाली आहे की ते दोघे एकाच बाकावर बसून चहा पितात. तेव्हा सगळं खरं काय ते एकदाच लिहून टाकतो.

लोक मलाच का विचारतात, तेही सांगायला हवं. पोहण्याच्या बाबतीत आमच्या काष्टी गावात माझं नाव आहे. आमच्या मळ्यातल्या विहिरीला कॅनॉलमुळे उन्हाळ्यातही पाणी असतं आणि गावातली कितीतरी पोरं तिच्यातच पोहायला शिकली. शिकवण्याची आमची पद्धत जुनीच आहे. पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधायचा, कमरेला कासरा बांधायचा. कासरा म्हणजे बैलाला बांधतात तो लांब दोर. त्याचं दुसरं टोक काठावर भरवशाच्या माणसाच्या हातात. उडी मारायच्या आधी पाण्यात एक ढेकूळ टाकायचं, म्हणजे खाली विरोळा, दिवड असला काही पाणसाप असेल तर तो बाजूला होतो. पोराने एक हिसका दिला की काठावरच्याने कासरा सैल सोडायचा, दोन हिसके दिले की ओढून घ्यायचं. आणि शेवटची परीक्षा म्हणजे बुडाशी जाऊन मूठभर गाळ वर आणून दाखवायचा. गाळ आणला की पोरगं पास.

मीही असाच पास झालो. काठावर कासरा धरायला होती माझी थोरली बहीण, नर्मदाआक्का. भाऊ, चुलतभाऊ, शेजारची पोरं, सगळ्यांचा कासरा तिनेच धरला. ती स्वतः मात्र कधी पाण्यात उतरली नाही. पोरीच्या जातीने विहिरीत उतरायचं नाही, असं घरात होतं आणि त्यावर कोणी चर्चा करत नसे. मी गाळाची मूठ घेऊन वर आलो की आक्का विचारायची, "काय हाय रं खाली?"

आता खरं सांगायचं तर खाली काहीच नसतं. हिरवा अंधार असतो आणि डोळे मिटलेले असतात. पण हातात गाळ असलेल्या माणसाने असं कसं सांगायचं? मी म्हणालो, "दार हाय."

"हिरीला दार?" आक्का म्हणाली. आमची मावशी शनिशिंगणापूरला दिलेली होती, आक्का तिच्याकडे राहून आली होती. "शिंगणापुरात घराला दार न्हाई, आन् आपल्या हिरीला हाय व्हय?"

"हाय. लाकडाचं. कडी लावलेली हाय."

त्यानंतर प्रत्येक उन्हाळ्यात ती विचारायची, "उघडलं का रं दार?" आणि मी सांगायचो, "आज बंदच हुतं." पुढे तिचं लग्न होऊन ती तिसगावला गेली आणि दार तसंच राहिलं.

काष्टी

यंदाच्या हिवाळ्यात आमच्या पूर्वाने, म्हणजे पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने, जाहीर केलं की ती आम्हाला मालवणला नेणार. नुसतं मालवण नाही, तिथे 'प्रायव्हेट सनसेट क्रूझ' बुक केलं आहे, आणि त्यात स्नॉर्कलिंगही आहे. आमच्याकडे प्रायव्हेट म्हटलं की दवाखानाच आठवतो, त्यामुळे बायकोने, सुमनने, आधी घाबरून विचारलं, "कोणाला काय झालंय?" मग पूर्वाने समजावलं, की तोंडावर काचेचा मुखवटा लावायचा, एक नळी तोंडात धरायची, पाण्यावर पालथं तरंगायचं आणि बुडाशी काय आहे ते बघायचं. मी म्हणालो, "नळी कशाला? मी बुडी मारून बघून येतो."

ही बातमी तिसगावला पोचली. आक्का सहसा कुठे येत नाही. गाई असतात, दाजी असतात, आणि दोघांनाही वेळेवर वैरण लागते, असं ती म्हणते. पण तिचाच फोन आला.

"दत्त्या, पूर्वा म्हनती समुद्राच्या बुडाचं बघता येतं, काच लावून. खरं का रं?"

"खरंय."

"डोळं उघडं ठिवून?"

"हो."

"बाईमाणसाला बी?"

"सगळ्यांना."

"मंग मी येते. बाकी काय न्हाई दाखवलं तरी चालंल, तेवढं दाखवा."

निघायच्या आदल्या दिवशी ती एसटीने काष्टीला आली. एका पिशवीत भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी, दुसरीत तिसगावच्या बाजारातून आणलेले दोन नवे कोरे सुती कासरे, एकाला एक गाठ मारून जोडलेले. मला वाटलं, गाडीच्या टपावर सामान बांधायला आणलेत. सुमनने विचारलं, "वन्सं, हे कशाला?"

"लागतंय," आक्का म्हणाली आणि पिशवी पायाशी घेऊन बसली.

मालवण

फोंडा घाट उतरलो की हवा बदलते, हे सगळेच सांगतात. आमच्यासाठी बदललं ते पाणी. आक्काच्या गावात होळीच्या आधीच विहिरी तळाला जातात आणि मग टँकरची वाट बघायची. इथे जिकडे बघावं तिकडे ओहोळ, तळी, खाडी. आम्ही ज्या घरी उतरलो तिथल्या काकूंनी माडाच्या आळ्यात नळी सोडून ठेवली होती. आक्काने गाडीतून उतरल्या उतरल्या जाऊन नळ बंद केला. काकूंनी येऊन तो उघडला. आक्काने परत बंद केला. तिसऱ्या वेळेला काकूंनी तिला नळापाशीच गाठलं.

"अगो बाय, कित्या बंद करतंस? माडाक पाणी सोडलंय मी."

"झाडाला? एवढं?" आक्का म्हणाली. "आमच्याकडं एवढ्यात एक लगीन निघंल."

काकू खो-खो हसल्या आणि तिथून दोघींची जी गट्टी जमली, ती शेवटपर्यंत. जेवायला बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी होती. सोलकढीचा गुलाबी पेला आक्काने उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाली, "ताक लाजल्यावानी दिसतंय." मी बांगड्यावर असा तुटून पडलो की एक काटा घशात अडकला. काकूंनी मला भाताचे मोठे गोळे न चावता गिळायला लावले. सुमन म्हणाली, "ह्यांना समुद्राच्या आधी माशाने धरलं."

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. आक्काने चपला हातात घेतल्या, पुढे जाऊन ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. मग समोर बघितलं.

"एवढं पानी," ती म्हणाली, "आन् घोटभर कामाचं न्हाई."

थोड्या वेळाने म्हणाली, "बुड लई खोल असंल का रं?"

मी म्हणालो, "उद्या बघून येतो, मग सांगतो."

"तू नगं सांगू," आक्का म्हणाली. "मीच बघनार हाय."

बोटीवर

क्रूझ म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे दोन मजले आणि जिना होता. प्रत्यक्षात ती निळी-पांढरी रंगवलेली, वर ताडपत्रीचं छत आणि आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या असलेली मासेमारीची होडी निघाली. पण होती मात्र अख्खी आमची. चालवायला गुरुनाथ नावाचे आमच्याच वयाचे गृहस्थ आणि पाण्यात सोबत उतरायला त्यांचा धाकटा भाऊ संजू, चांगला बाप्या माणूस, खांदे कपाटासारखे. उन्हं कलायला लागली तेव्हा आम्ही निघालो. किल्ल्याचा तट डाव्या हाताला गेला, समुद्रपक्ष्यांची एक रांग पाण्याला पोट घासत गेली, आणि सुमनने भज्यांचा डबा उघडला. सगळं छान चाललं होतं. मी तर गुरुनाथना विहिरीच्या काठावरून सूर कसा मारतात ते हातवारे करून दाखवत होतो.

खडकांच्या आडोशाला त्यांनी नांगर टाकला, इंजिन बंद केलं. पाणी खरंच काचेसारखं होतं. गुरुनाथ म्हणाले, "सकाळचा याच्याहून बरा दिसता, पण आजून उजेड आसा. दिस बुडाच्या आधी बघून घ्या."

पहिला मान अर्थातच माझा. संजूने जॅकेट पुढे केलं.

"मला? जॅकेट?" मी हसलो. "अहो, मी गावाला पोहायला शिकवतो."

"शिकवा, पण जाकीट घाला," संजू म्हणाला. तिथे तो नियमच होता.

मी जॅकेट घातलं, मुखवटा चढवला, कठड्यापाशी उभा राहिलो आणि हात आपोआप ढेकूळ शोधायला लागला. समुद्रात ढेकूळ कुठलं? पायाशी पिऊन झालेलं शहाळं होतं. उचललं आणि धपकन पाण्यात टाकलं.

गुरुनाथ दचकून उठले. "काय पडला?"

"काही नाही," मी म्हणालो. "विरोळा असला तर जाईल बाजूला."

"विरोळो?" गुरुनाथनी भावाकडे बघितलं. "अरे संज्या, मासे सगळे पळयले यांनी. आणि ता शहाळा काढ आधी, समुद्रात कचरो टाकूचो नाय."

संजूने पाण्यात उतरून शहाळं परत आणलं. पूर्वा समुद्राकडे तोंड करून उभी होती, पण तिचे खांदे हलताना मला दिसत होते.

मग मी सूर मारला. जन्मभर मारत आलो तसाच, डोकं खाली, हात पुढे. जॅकेटला मात्र हे मान्य नव्हतं. डोकं खाली गेलं आणि बाकीचा आण्णा वरच राहिला. नळीत पाणी भरलं, ते तोंडात आलं. विहिरीत सवय तोंड घट्ट मिटून दम धरायची, इथे तोंड उघडून श्वास घ्यायचा, म्हणून मी नाकाने घेतला, तर काचेवर वाफ धरली. मला जे दिसलं ते पावसाळ्यात एसटीच्या खिडकीतून दिसतं तितकंच. खारं पाणी पोटात गेलं, होडीने दोन हेलकावे दिले आणि संजूने मला शिडीवर चढवलं, तेव्हा भजी मला सोडून समुद्राला मिळाली.

"कुठं लागलं का?" सुमनने काळजीने पाठ चोळत विचारलं, आणि मग मला ऐकू जाईल असं पुटपुटली, "निम्मं गाव ह्यांनी कसं शिकवलं, देव जाणे."

माझ्या हातात लिंबू देऊन मला फळीवर आडवं करण्यात आलं. पूर्वा उतरली, बराच वेळ तरंगली, मधूनच डोकं काढून ओरडली, "पप्पा, निळे मासे! पट्ट्यापट्ट्यांचे!" मी लिंबू हुंगत हात हलवला. ती वर आली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. गुरुनाथ म्हणाले, "काकी, येतास तर आताच या. मगे काय दिसूचा नाय."

आक्का तयारच होती. अंगात दाजींचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्वाची ट्रॅकपँट, आणि पदर नाही म्हणून खांद्यावर टॉवेल. त्यावर नारिंगी जॅकेट. ती शिडीच्या दोन पायऱ्या उतरली, पाय पाण्यात गेले आणि थांबली. संजूने खालून हात पुढे केला. आक्काने त्याचा हात बघितला, पाणी बघितलं, आणि शिडी चढून परत वर आली.

मला वाटलं, संपलं. आता ही उतरत नाही. सूर्य क्षितिजापासून हातभर वर होता, आणि आक्का काही पुन्हा तिसगावहून इतक्या लांब येणार नव्हती. वर आली ती थेट खुर्चीखालच्या पिशवीपाशी गेली आणि तिने कासरा बाहेर काढला.

"काकी, दोर कित्याक व्हयो?" संजू पाण्यातून म्हणाला. "जाकीट आसा, मी आसंय. बुडूचा नाय काय."

"तू हायेस बाबा, तुझ्यावर भरवसा हाय," आक्का म्हणाली. "पर दोर धरल्याबिगर पान्यात मानूस सोडायचं न्हाई. आमच्यात रीत हाय. आजवर मी कुनाला सोडला न्हाई."

गुरुनाथ म्हणाले, दोर पंख्यात अडकला तर पंचाईत. मग स्वतःच म्हणाले, इंजिन तर बंदच आहे. मग डोकं खाजवून भावाला म्हणाले, "बांध रे. जाकिटाच्या मागच्या कडीक बांध, कमरेक नको." संजूने वर येऊन कासऱ्याचं टोक बांधलं आणि तो परत पाण्यात उतरला. दुसरं टोक घेऊन आक्का माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"दत्त्या, ऊठ. धर."

"अहो वन्सं, ह्यांना धड बसता येईना," सुमन म्हणाली. "पूर्वा धरील."

"ह्याचा धरला तवा मला ताप हुता, दात वाजत हुते," आक्का म्हणाली. "धरतोय त्यो. ऊठ."

मी लिंबू खिशात टाकलं आणि उठलो.

आक्का उतरली. मुखवटा पाण्याला लागला न लागला तोच हातात दोन हिसके आले, दणदणीत. मी ओढली. शिडीला धरून ती खोकली, नाक शिंकरलं. मी वरून वाकून म्हणालो, "आक्के, बास का? येतीस वर?"

"न्हाई," ती धापा टाकत म्हणाली. "तुझं तोंड बघून भ्या वाटतंय. तिकडं बघ."

मी तिकडे बघितलं. म्हणजे समुद्राकडे पाठ करून, कासरा खांद्यावरून घेऊन, होडीतल्या भज्यांच्या रिकाम्या डब्याकडे. मागे पाण्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही. न राहवून वळलो. आक्का पालथी तरंगत होती. एक हात संजूच्या हातात, टॉवेल कधीच सुटून गेलेला, आणि नळीतून श्वासाचा आवाज येत होता, संथ, वैरण खाऊन बसलेल्या गाईसारखा.

हातात एक हिसका आला. सैल सोड.

मी वीतभर सोडला. पुन्हा एक हिसका. मी हातभर सोडला. पुन्हा एक. तिसगावच्या बाजारातला तो कासरा माझ्या तळव्यांतून पुढे पुढे सरकत राहिला. आयुष्यभर मी या दोराच्या पाण्यातल्या टोकाला होतो किंवा काठावर उभा राहून पोरांवर ओरडत होतो. गप्प उभं राहून नुसतं धरून ठेवायचं काम पहिल्यांदाच आलं होतं. काठावरच्या माणसाला खालचं काहीच दिसत नाही. त्याच्या हातात येतात ते फक्त हिसके. त्यावरूनच सगळं ओळखायचं. वर आलेल्या माणसाला विचारण्यावाचून त्याला दुसरा इलाज नाही.

आणि मी तिला कडी लावलेलं दार सांगत होतो.

दोन्ही कासऱ्यांमधली गाठ माझ्या हातातून गेली. मग दुसराही संपत आला. शेवटचा वेढा मनगटाला उरला होता तेव्हा पुन्हा एक हिसका आला.

"संपला गं!" मी ओरडलो. तिचे कान पाण्यात. मी कठड्यावर ओणवा झालो आणि हात जितका लांब जाईल तितका पुढे केला. सुमनने मागून माझा पट्टा धरला.

"दिस गेलो," गुरुनाथ हळूच म्हणाले. "आता बोलवा त्यांका."

बोलवायचं तर माझ्या बाजूने दोन हिसके द्यायचे. मी दोनदा मनाशी ठरवलं आणि दोन्ही वेळा हात हलला नाही. गुरुनाथनीही पुन्हा आठवण केली नाही. ते आपले विडी न पेटवता तोंडात धरून बघत बसले. त्या दिवशीचा सूर्यास्त फार सुंदर झाला म्हणतात. मी तो पाहिला नाही, आक्काची त्याच्याकडे पाठ होती, आणि पूर्वाने काढलेल्या एकूण एक फोटोत केशरी आभाळापुढे माझा ओणवा पार्श्वभाग आणि त्याला लोंबकळलेली तिची आई आहे.

पाणी जांभळं झालं तेव्हा दोन हिसके आले. घाईचे नव्हते, आरामात दिलेले. मी ओढायला लागलो. भरलेली बादली जड लागते तशी लागेल असं वाटलं होतं, पण आक्का हलकी आली.

वर आल्यावर तिला कोरडी चादर गुंडाळली, खुर्चीत बसवलं. मुखवट्याचा गोल वळ तिच्या तोंडावर उमटला होता. गुरुनाथनी थर्मासमधला चहा दिला, इंजिन सुरू केलं. पूर्वाने विचारलं, "आत्या, निळे मासे दिसले?" तिने मान हलवली. सुमनने विचारलं, "भीती वाटली का?" तिने पुन्हा मान हलवली. मी कासऱ्याची गुंडाळी करत तिच्या पायाशी बसलो होतो. खूप वेळ धरून ठेवलेला प्रश्न शेवटी माझ्या तोंडून निघालाच.

"आक्के, काय हाय गं खाली?"

आक्काने चहाचा घोट घेतला. घाई नव्हती तिला. किनाऱ्यावरचे दिवे दिसायला लागले होते.

"हाय ना," ती म्हणाली. "चौकट हाय."

"आणि दार?"

"दार न्हाई. शिंगणापूरवानी हाय. कुनीबी यावं." आणखी एक घोट घेऊन म्हणाली, "कडी-बिडी काय न्हाई, दत्त्या. मी समदीकडनं बघितलं."

परतल्यावर आठवड्याने दाजींचा फोन आला. तक्रारीचा होता. "आरं, त्या कासऱ्याला काय लावून आनलं? तांबडी गाय चरायचं सोडून दोर चाटत बसतीया." मी म्हणालो, समुद्र लागलाय.

तेव्हा आता दुकानात कोणी विचारलं की मी कासव आणि शार्क दोन्ही मागे घेतो. बुडाचं काय ते तिसगावला जाऊन आक्काला विचारा, असं सांगतो. मी वर होतो, कासरा धरून.